बैल नव्हते, हे अर्धंच खरं

2025 चा पावसाळा सुरू होत होता तेव्हा अहमदपूर तालुक्यातल्या हाडोळतीचा एक व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला. साठी कधीच ओलांडलेला एक शेतकरी स्वतःच औताला जुंपलेला, आणि मागं त्याची बायको औत धरून चाललेली. आपण रडक्या इमोजी टाकल्या, पुढे पाठवला. मदतीची आश्वासनं आली, एका नटानं बैलजोडी देऊ केली. राज्याचे सहकारमंत्री बाबासाहेब पाटील ह्याच मतदारसंघातून निवडून आलेले, त्यामुळं गाजावाजा आणखी झाला. मग दुसरा व्हिडिओ आला.

असं दृश्य पाहिलं की पहिला प्रश्न डोक्यात येतो, ह्यांची मुलं कुठं आहेत? गंमत अशी की हा प्रश्न आपण चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये किंवा हडपसरच्या कॉटबेसिसवर बसून विचारतो. मुलं तिथंच आहेत. फोन हातात धरून आहेत.

चहाच्या टपरीवर ह्याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं. मजूर मिळत नाहीत, फुकटच्या धान्यानं आणि लाडक्या बहिणीच्या पंधराशेनं लोक माजलेत, आता यंत्राशिवाय पर्याय नाही. हे उत्तर बहुतेक वेळा ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे तोच देतो. सोयाबीनच्या सुगीत गुत्तं घेऊन फिरणारी टोळी नीट बघा. पन्नाशीच्या अलीकडची बाई त्यात शोधावी लागते. मजूर माजलेले नाहीत, म्हातारे झालेत. त्यांच्या पोरांनी उन्हातला बेभरवशाचा रोज नाकारला, म्हणजे जे शेतमालकाच्या पोरानं आधीच केलं होतं तेच केलं. मालकाचा पोरगा लातूरला शिकवणीला गेला तर ती प्रगती, आणि मजुराचा पोरगा पुण्याला गेला तर ती टंचाई!

मी यंत्राच्या विरोधात नाही. दिवसभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईच्या कमरेचं गाणं करणाऱ्यांपैकीही मी नाही. माणसानं औत ओढू नये, बाईनं बैलाच्या भावात राबू नये, यंत्र यावं. भांडण एवढंच आहे, की ते कुणाच्या शेतात येतंय?

महाराष्ट्रात 2015-16 च्या कृषी गणनेनुसार सरासरी खातं 1.34 हेक्टरचं. ती सरासरी, म्हणजे असंख्य लोकांकडं त्याहून कमी. एवढ्या तुकड्यावर स्वतःचा ट्रॅक्टर म्हणजे दारात बांधलेलं कर्ज. मग भाड्याचा. आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचं गणित वाफश्यावर अडतं. पाऊस पडतो तो सगळ्या गावावर एकदमच. जमीन वाफश्याला आली की पेरायला तीन-चार दिवस हातात असतात. ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचं उरकतो, मग भावकीचं, मग वीस एकरवाल्याचं, कारण तिथं फेरे कमी आणि पैसा रोख. धड रस्ता नसलेल्या, बांधाआडच्या दोन एकराची पाळी येईपर्यंत ओल उडालेली असते. जे यंत्र वेळ वाचवायला आलं, ते वेळेसाठी ताटकळत ठेवतं.

बरं, बैल ठेवावा म्हणाल, तर हाळी-हंडरगुळीचा बाजार इथून लांब नाही. लाल कंधारी आणि देवणी ही तर ह्याच पट्ट्यातली जनावरं. पण मार्च 2015 पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आली, आणि थकलेला बैल विकून त्यात भर घालून तरणा घ्यायचा, हा शेतकऱ्याचा जुना फेरा मोडला. त्यात कडबा महाग, आणि सोयाबीनच्या मागं धावताना ज्वारी मागं पडली म्हणून कडबाही कमी. बैलजोडी भेट देणाऱ्याला वर्षभराच्या वैरणीचं बिल पण पाठवायला हवं.

खरं सांगायचं तर ह्या भागात माणसाची जागा घेणारं सगळ्यात मोठं यंत्र ट्रॅक्टर नाहीच. ते आहे तणनाशकाची बाटली. उभ्या सोयाबीनमधलं कोळपणं-खुरपणं ह्या बाटलीनं गिळलं. दहा बायकांचे चार दिवस एका माणसाच्या पाठीवरच्या पंपात आले. त्या बायकांचं पुढं काय झालं, हे कुठल्या कागदावर नोंदवलंच नाही. आणि तो पंप भरून पाठीवर घेणारा माणूस कोण? पुन्हा तोच, साठीचा. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला.

सरकारकडं पैसा नाही असंही नाही. ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यातली कमी असेल ती रक्कम, असं अनुदान जाहीर झालं होतं. कारखान्याला ऊस वेळेवर मिळावा म्हणून एका यंत्रामागं लाखांची सोय होते. कोरडवाहूवाल्यानं मात्र महाडीबीटीवर अर्ज करायचा, वर्षानुवर्षं सोडतीत नाव निघायची वाट बघायची, आणि आता पहिला येईल त्याला पहिलं. पहिला कोण येणार, ज्याचा ओटीपी लगेच येतो तो! शिवाय अनुदान मिळालं तरी उरलेली रक्कम आपली. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि कित्येकांनी चार हजारांच्या आसपास घातलं. त्यातून उरलेली रक्कम कशी काढायची, हे योजनेच्या पत्रकात नसतं.

आणि थांबावं म्हटलं तरी थांबता येत नाही. ज्याच्या सहीनं पिकाचा पंचनामा होतो तो तलाठी 58 व्या वर्षी निवृत्त होतो. शेतकऱ्याला श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार हवे असतील तर वय 65 आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. त्या दाखल्यासाठी तहसीलला घातलेले खेटे आणि बुडलेले दिवस वेगळेच.

म्हणून मागणी नीट करायला हवी. 'शेतकऱ्याला ट्रॅक्टर द्या' ही मागणी ट्रॅक्टर कंपनीचीही आहे. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा कंपन्यांनीही आनंद साजरा केला. आपली मागणी वेगळी पाहिजे. अवजार बँक गावाच्या मालकीची हवी, चारचौघांनी गट दाखवून अनुदान उचललेली नव्हे. तिच्यात पेरणीयंत्रासोबत उभ्या पिकात चालणारी छोटी यंत्रं हवीत. चालवायला गावातल्याच मजुराची पोरं, पोरीसुद्धा, पगारावर. पाळीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आणि तीत लहान तुकडा आधी. भाडं रास झाल्यावर.

यादी भिंतीवर लागली की भांडणं होतील, मारामाऱ्याही होतील, कारण आज ती यादी ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यात आहे आणि त्याला ती तिथंच ठेवायची आहे. आपण दिवाळीला गावी जातो तेव्हा ग्रामसभा नसते. 1 मेला असते, 15 ऑगस्टला असते, दोन्ही दिवशी कंपनीला सुट्टी असते. अहमदपूरच्या गाडीचं तिकीट फोनवरच निघतं.