यंत्राला हार, आत खडखडाट

आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला. निर्णय स्वागतार्हच होता. मात्र शुल्क माफ झालेली मुलगी रोज ज्या इमारतीत सहा-सात तास काढते, त्या इमारतीने तिचा किती विचार केला आहे? प्रात्यक्षिकाच्या मधोमध पाळी आली तर तिने काय करायचे, या साध्या प्रश्नावर आपल्या बहुतेक विद्यापीठांकडे धड उत्तर नाही. मैत्रिणीच्या पर्समध्ये पॅड आहे का ते विचारायचे, ओढणी कमरेला बांधायची किंवा तास बुडवून घर गाठायचे, ही उत्तरे मुलींनी स्वतःच शोधलेली आहेत. एसटीच्या पासवर दूरच्या गावाहून येणारीला घर गाठणेही सोपे नसते.

यावर आमच्याकडे पॅड देणारे यंत्र आहे, असे महाविद्यालये सांगतील. यंत्र असते हे खरे. महिला दिनाला त्याला हार घातला जातो, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. नॅकच्या मूल्यांकनात स्त्री-पुरुष समतेसाठी काय सोयी केल्या हे विचारले जात असल्याने तेच छायाचित्र पुढे अहवालातही लागते. त्यानंतर मात्र यंत्रात खडखडाट. पाच रुपयांचे नाणे टाकावे तर ते अडकते. हल्ली मोबाइलवरून पैसे देणाऱ्या पिढीच्या खिशात नाणे सापडणेही कठीण. यंत्र भरायची जबाबदारी कोणाची, हे ना भांडार विभागाला माहीत असते ना लेडीज रूमच्या मावशींना. कपाटात पाकिटे असलीच तर किल्ली कार्यालयात, आणि तिथे चार जणांसमोर मागणी करून वहीत नाव लिहून सही करायची. कोणती मुलगी त्या वाटेला जाईल?

विषय नवा नाही. पण आजवर तो शाळेपाशीच थांबला आहे. २०१८च्या महिला दिनी सुरू झालेली राज्याची अस्मिता योजना जिल्हा परिषद शाळांतील मुलींना सवलतीत पॅड देण्यासाठी होती. जया ठाकूर यांनी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतील मोफत पॅडची मागणीही सहावी ते बारावीच्या मुलींपुरती होती. बारावी झाली की जणू पाळीही संपते! उलट याच वयात मुलगी घर सोडते, वसतिगृहात राहते, मेसचे आणि खोलीचे पैसे भागवताना प्रत्येक रुपयाला हिशेब लावते. त्यात पहिली काटछाट कशात होते, हे सांगायला नको.

स्कॉटलंडने या बाबतीत वाट दाखवली आहे. तिथे २०१८ मध्ये सरकारी निधीतून शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठांत मोफत पॅड व टॅम्पॉन ठेवायला सुरुवात झाली. तिथल्या संसद सदस्य मोनिका लेनन यांचे यासंबंधीचे विधेयक नोव्हेंबर २०२० मध्ये एकमताने संमत झाले आणि ऑगस्ट २०२२ पासून पुरवठा हे शिक्षणसंस्थांचे व स्थानिक प्रशासनाचे कायदेशीर कर्तव्य ठरले. त्या कायद्यातील दोन अटी आपण मुद्दाम लक्षात घ्याव्यात: वस्तू सहज मिळाली पाहिजे आणि ती घेताना कोणाची मानहानी होता कामा नये. तिथेही गोंधळ झाला. डंडी परिसरात यासाठी खास अधिकाऱ्याचे पद काढले, त्यावर पुरुष नेमला, गदारोळ उठला आणि पदच गुंडाळावे लागले. समित्या आणि समन्वयक नेमण्याची हौस असलेल्या आपल्या विद्यापीठांनी यातून घ्यायचा धडा सोपा आहे. पद नको, पुरवठा हवा.

फुकट ठेवले तर पोरी पिशव्या भरून नेतील, हा आक्षेप ठरलेला. सुरुवातीला काही जणी जास्त नेतीलही. रोज हमखास मिळते असा विश्वास बसला की साठा करण्याचे कारण उरत नाही. आणि एखादीने चार पॅड घरी धाकट्या बहिणीसाठी नेले, तर विद्यापीठाचे असे कोणते दिवाळे निघणार आहे? जनऔषधी केंद्रांत सुविधा पॅड २०१९ पासून एक रुपयाला मिळतो. त्या दराने हजार मुलींच्या महाविद्यालयात प्रत्येकीने महिन्याला बारा पॅड घेतले, तरी खर्च बारा हजार रुपये होतो. एका पाहुण्याच्या सत्कारसमारंभात शाल, श्रीफळ, मांडव आणि जेवणावळीत याहून अधिक रक्कम सहज उडते.

पुरवठ्याइतकाच प्रश्न विल्हेवाटीचा. झाकणाची कचरापेटी, कागदी वेष्टन आणि नळाला पाणी नसेल, तर फुकटच्या पॅडने मुलीची अडचण अर्धीच सुटते आणि उरलेली सफाई करणाऱ्या बाईच्या हातात पडते. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिलांनी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम चालवली, ती कचरा वेगळा करताना स्वतःचे हात वाचवण्यासाठी. विद्यापीठांच्या स्वच्छतेच्या कंत्राटात या बायकांसाठी हातमोजे आणि वेगळ्या पेट्या लिहिलेल्या हव्यात. शिवाय ठेवलेले पॅड त्यांनाही घेता यायला हवेत. पाळी काही ओळखपत्र पाहून येत नाही.

तेव्हा विद्यापीठांच्या अधिसभांनी येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र शीर्ष मागावे. ट्यूबलाइट, साबण, खडू यांची खरेदी जशी मुकाट होते, तशीच ही व्हावी. प्रत्येक मजल्यावरच्या स्वच्छतागृहात, कुलपाविना, नाण्याविना, सहीविना पॅड ठेवावेत. संपले की कोणी भरायचे त्याचे नाव व फोन दारामागे चिकटवावा. ग्रंथालय आणि रात्रभर चालणाऱ्या अभ्यासिका यांतून सुटता कामा नयेत. आणि मुख्य म्हणजे याचे उद्घाटन करू नये. ज्या सोयीचा समारंभ होतो ती समारंभानंतर कोणाचीच राहत नाही, हे त्या हार घातलेल्या यंत्रांनी पुरेसे सिद्ध केले आहे. मुलींना शुल्कमाफी देऊन सरकारने विद्यापीठाचे दार उघडले. आत आलेल्या मुलीला दिवसभर निर्धास्त बसता येईल, एवढे पाहणे आता विद्यापीठांचे काम आहे. त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना मंत्रालयाची परवानगी. भांडार विभागाची एक खरेदी ऑर्डर पुरते.