सर्व्हर नाही, सेल डाऊन!

परवा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात एक शेतकरी फेरफारासाठी तिसऱ्यांदा आला. उत्तर तेच : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सहज स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं, तर तारीख २००९ सालची!

मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की बंद केलेला कॉम्प्युटर तारीख विसरतो. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्र अमान्य, व्हीपीएन जोडलंच जात नाही. त्यात विंडोज ७. त्याचे मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले.

सेल किरकोळ पैशात येतो. शेतकऱ्याचे तीन दिवस बुडाले, एसटीचं भाडं गेलं, ते कोण देणार?

साहेब, सातबारा ऑनलाइन केला, आता मशीनही सुधारा. आणि मंडळी, 'सर्व्हर डाऊन' ऐकलं की आधी विचारा : कॉम्प्युटरवर आज तारीख किती?