सुट्टीचा सिनेमा : ना फार चांगले, ना वाईट

नालासोपाऱ्याच्या एका भगिनीने गेल्या आठवड्यात मला स्टेशनवर गाठून विचारले, “भाऊ, तुम्ही या सदरात नेहमी उत्तम चित्रपटांचीच नावे देता. तेवढे सगळे पाहून झाले. आता रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचे काय?”

प्रश्न रास्त आहे. उत्तम चित्रपट वर्षाकाठी एखाद-दुसरा निघतो. बाकीचे रविवार बऱ्यापैकी चित्रपटांवरच काढावे लागतात. अशा चित्रपटांना वर्तमानपत्रातले समीक्षक अडीच तारे देतात आणि पुढे जातात. विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला त्या अडीच ताऱ्यांचा उपयोग नाही. सहा दिवस राबल्यावर हाती आलेले अडीच तास कोणाबरोबर आणि कसे घालवावेत, थिएटरात जाऊन चौघांची तिकिटे काढावीत की टीव्हीवर लागेपर्यंत थांबावे, एवढे त्याला कळले तरी पुरे. म्हणून आज पाच मध्यम चित्रपट, जुने आणि नवे.

जोश (हिंदी, 2000)
मन्सूर खान यांचा चित्रपट. शाहरुख खान आणि ऐश्वर्या राय यात जुळे भाऊ-बहीण आहेत. गावात पोरांच्या दोन टोळ्या, आणि बहिणीचे प्रेम नेमके दुसऱ्या टोळीच्या म्होरक्याच्या भावावर. गोष्ट गोव्याची असली तरी काही चित्रीकरण आपल्या वसईच्या किल्ल्यात झालेले आहे. त्यामुळे आमच्या घरात गोष्टीपेक्षा “तो बघ किल्ला!” हाच गजर जास्त. गाणी चांगली, मारामाऱ्या लांबलेल्या, शेवट अंदाज करता येण्याजोगा.
निकाल : मुलांबरोबर घरी पाहावा. नंतर एका सकाळी मुलांना खरा किल्ला दाखवून आणावा. तो चित्रपटापेक्षा मोठा आहे.

मुंबई-पुणे-मुंबई (मराठी, 2010)
सतीश राजवाडे यांचे दिग्दर्शन. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी ही दोनच माणसे बहुतेक वेळ पडद्यावर. मुलगी मुंबईहून लग्नासाठी मुलगा पाहायला पुण्याला येते आणि एका अनोळखी मुलाबरोबर दिवसभर शहरात हिंडते. ‘मुंबई चांगली की पुणे’ हा वाद गमतीचा आहे, पण मध्यंतरानंतर तीच गंमत फिरून फिरून येते. मला एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. या दोघांची नावेसुद्धा आपल्याला कळत नाहीत. नाव नाही म्हणजे आडनावही नाही. दिवसभर दोन तरुण माणसे बोलतात आणि कोणी कोणाला ‘तुम्ही कोणाचे?’ म्हणून विचारत नाही. आपल्या मुलामुलींना कॉलेजात, नोकरीत, भाड्याची खोली शोधताना दुसराच प्रश्न आडनावाचा येतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा दिवस परीकथेसारखा वाटेल. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. मला पाहताना तसे वाटले, एवढेच.
निकाल : लग्नाच्या वयाची मुले घरात असतील तर त्यांच्याबरोबर पाहावा.

टाइमपास (मराठी, 2014)
रवी जाधव यांचा. त्याआधी ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’ करणाऱ्या माणसाकडून अपेक्षा जास्त असतात, म्हणून हा मध्यम. मोबाईल नसलेल्या काळातली मुंबई. दहावी नापास झालेला, घरोघर पेपर टाकणारा दगडू परब आणि लेल्यांची अभ्यासू प्राजक्ता. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर दोघेही गोड आहेत. प्राजक्ताच्या कडक वडिलांच्या भूमिकेत वैभव मांगले आहेत, भाऊ कदम हे रिक्षा चालवणारे बाप. पूर्वार्धात हसून पोट दुखते.
पण एक सांगावेसे वाटते. नापास होण्यातच मर्दुमकी आहे असे पोरांना वाटू लागते, आणि थिएटरात शिट्ट्याही त्यालाच पडतात. पेपर टाकण्यात कमीपणा मुळीच नाही. पहाटे पेपर टाकून पदवीधर झालेली मुले आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांची गोष्ट विनोदी नाही म्हणून ती पडद्यावर येत नाही.
निकाल : जरूर हसावे. घरात दहावीचा मुलगा असेल तर संपल्यावर टीव्ही बंद करून पाच मिनिटे त्याच्याशी बोलावे.

बाईपण भारी देवा (मराठी, 2023)
याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. केदार शिंदे यांचा हा चित्रपट 30 जून 2023 रोजी आला. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब या सहा बहिणी. एकमेकींपासून दुरावलेल्या या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. त्या पावसाळ्यात गावोगावच्या बाया घोळक्याने थिएटरात गेल्या.
आमच्याकडे वर्षावासाचे ग्रंथवाचन संपल्यावर विहारातच विषय निघाला. तरुण सुना म्हणाल्या, “आपण सगळ्याजणी जाऊ.” तेव्हा एक आजी ठसक्यात म्हणाल्या, “मंगळागौर? ते सगळं आपण छप्पन साली सोडलं ना? मग आता पैसे देऊन बघायला कशाला जायचं?” क्षणभर सगळे गप्प. आजींचे चुकत नव्हते. शेवटी एक सून म्हणाली, “आजी, पूजा करायला नाही, बहिणी बघायला जायचं.” अकरा जणींनी वर्गणी काढली. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी त्यासाठी एक खाडा केला. तिकिटे काढायला मी गेलो आणि मागच्या रांगेत बसलो.
चित्रपट म्हणून सांगायचे तर उत्तरार्धात उपदेश फार आहे, आणि आयुष्यभराची दुखणी नाचाच्या सरावात भराभर बरी होतात. तशी ती होत नसतात. पण पूर्वार्धातल्या बहिणींची भांडणे, मनात धरून ठेवलेली जुनी बोलणी, एकीचा मोडत आलेला संसार, हे खरे वाटते. मध्यंतरात मावशी म्हणाल्या, “अडीच तास मला कोणी हाक मारली नाही.” परतताना गाडीत आजी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, “मंगळागौर त्यांची. पण भांडण आपल्याच घरातलं.” त्या आठवड्यात त्यांनी कळव्याच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. दोघींचे कितीतरी वर्षे बोलणे नव्हते.
निकाल : बायांनी बायांबरोबर पाहावा. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा.

झुंड (हिंदी, 2022)
‘सैराट’च्या नागराज मंजुळे यांचा पहिला हिंदी चित्रपट. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावरून हा सुचलेला आहे. अमिताभ बच्चन यांच्याभोवती नवखी मुले आहेत, आणि तीच चित्रपट जिवंत ठेवतात. त्यांतल्या अंकुश गेडामला पदार्पणासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. जयंतीच्या प्रसंगात बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभे राहतात, तेव्हा आमच्या बाजूचा म्हातारा उठून उभा राहिला होता. तरीही तीन तासांची लांबी जाणवते. सामना संपल्यावर चित्रपट दुसऱ्या वाटेला लागतो.
पण कारकुनाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मला तीच दुसरी वाट पाहावीशी वाटली. रिंकू राजगुरूचे पात्र आणि तिचा बाप पासपोर्टसाठी ओळखीचा कागद मिळवत दारोदार फिरतात. टेबलाच्या त्या बाजूला उभी राहणारी माणसे मी रोज पाहतो. ‘उद्या या’ म्हणणे किती सोपे असते, हे त्या दिवशी उमगले. दुसऱ्या दिवशी मी दोन जणांना थांबवून त्यांचे कागद तेव्हाच पुरे करून दिले. फार मोठे काही केले नाही.
निकाल : सवडीने, दोन बैठकांत पाहावा.

यांतला एकही चित्रपट उत्तमांच्या यादीत जाणार नाही, आणि मी घालणारही नाही. उत्तमाला उत्तम आणि मध्यमाला मध्यमच म्हणावे. नाहीतर वाचकाचे पैसे वाया जातात आणि लिहिणाऱ्याची पत जाते. पण मध्यम म्हणजे टाकाऊ नव्हे. स्टेशनवर भेटलेल्या भगिनीला माझे उत्तर असे : हा रविवार पाऊस नसेल तर ‘जोश’ आणि किल्ला, पाऊस असेल तर शेजारणींना बोलावून ‘बाईपण’. आपल्या घरात पाहिलेला असा एखादा बऱ्यापैकी चित्रपट आणि त्याचा दोन ओळींचा निकाल वाचकांनीही पोस्टकार्डावर जरूर कळवावा. पुढच्या खेपेस त्यांतले निवडक निकाल येथे देईन.