कायदा आणि आपण : लग्न राज्याचं, मान्यता देशाची



यंदा गणपतीत महाप्रसादाची भांडी आवरताना एका मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलानं तीन वर्षांपूर्वी इथेच आपल्या मित्राशी लग्न केलं. आता नोकरीसाठी दोघं टेक्सासला गेलेत. "उद्या कोर्टानं निकाल फिरवला तर माझ्या पोराच्या लग्नाचं काय हो?" मावशींचा आवाज कापरा झाला होता. हा प्रश्न आपल्यापैकी आणखीही काही घरांत असेल, म्हणून उत्तर इथेच देतो.

अमेरिकेत लग्नाचा परवाना राज्य देतं. पण इन्कम टॅक्स, सोशल सिक्युरिटी, ग्रीन कार्ड हे सगळं केंद्राच्या हातात. १९९६ च्या 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट'नं केंद्राच्या लेखी लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच ठरवलं. २००४ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी लग्नं होऊ लागली, तरी जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येईना. व्हिसा संपला की एकानं देश सोडायचा. याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

हा कायदा रद्द करणारं विधेयक न्यूयॉर्कचे जेरी नॅडलर यांनी २००९ मध्ये मांडलं. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. तोवर वाट काढली ती कोर्टानं. जोडीदाराच्या निधनानंतर एडिथ विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला होता. त्यांच्या खटल्यात २०१३ साली केंद्राची ती व्याख्या रद्द झाली. २०१५ च्या ओबर्गफेल निकालानं सगळ्या राज्यांत ही लग्नं खुली झाली.

मग २०२२ च्या जूनमध्ये गर्भपाताचा जुना निकाल फिरला आणि न्यायमूर्ती थॉमस यांनी ओबर्गफेलचाही फेरविचार व्हावा, असं लिहिलं. तेव्हा पडून राहिलेलं विधेयक हललं. धार्मिक संस्थांवर असं लग्न लावण्याची सक्ती नाही, हे कलम घातल्यावर सिनेटमध्ये ते ६१ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर झालं. १३ डिसेंबर २०२२ रोजी बायडन यांची सही झाली.

या 'रिस्पेक्ट फॉर मॅरेज ॲक्ट'नं काय दिलं? एका राज्यात कायदेशीर झालेलं लग्न केंद्रानं आणि इतर राज्यांनीही मानलंच पाहिजे. आंतरवंशीय लग्नांनाही हेच संरक्षण आहे. काय दिलं नाही? ओबर्गफेल फिरला, तर नवे परवाने देण्याची सक्ती हा कायदा राज्यांवर करत नाही. टेक्सासच्या घटनेत २००५ ची बंदी अजून छापलेली आहे. ती जागी झाली तर तिथे नवं लग्न अडेल, झालेलं मोडणार नाही.

भारतात मात्र अशा लग्नाला अजून मान्यता नाही. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा विषय संसदेवर सोडला. तिकडे घर-जमीन असेल तर मृत्युपत्र करून ठेवाच. इथेही मृत्युपत्र आणि हॉस्पिटलसाठीचं अधिकारपत्र हाताशी असू द्या.

मावशींना एवढं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मंडळाच्या फॅमिली मेंबरशिपच्या फॉर्मवर दोघांची नावं एकत्र लिहायला हरकत नाही ना?"

हरकत कसली? फॉर्म खजिनदारांकडे पोचलाय.

शुभ दीपावली!