गणवेशाचा चौकडा आणि पांढरी जमीन

जून महिना लागला की तळोद्याच्या कापड दुकानांत गणवेशाची गर्दी होते. सातपुड्याच्या पाड्यांवरून आईबाप मुलांना घेऊन खाली उतरतात. पुष्कळांच्या पिशवीत थोरल्या मुलीचा जुना स्कर्ट असतो. तो पुढे टाकतात आणि म्हणतात, "शेठ, हाच चौकडा द्या."

दोन वर्षांपूर्वी अशीच एक बाई आमच्याकडे आली. शाळा तीच, चौकडाही तोच; परंतु गडद हिरव्या जमिनीच्या जागी पांढरी जमीन आली होती. थोरलीचा स्कर्ट धाकटीला चालणार नव्हता. आम्ही शाळेत चौकशी केली. उत्तर मिळाले की, कापड पुरवणाऱ्याने हा 'ड्रेस' नमुना दाखवला, विलायतेत असेच करतात, आणि गॅदरिंगला तो उठून दिसतो.

विलायतेत असे करतात हे खरे आहे. पण ते अर्धेच सांगितले गेले.

आपण ज्याला गणवेशाचे चेक्स म्हणतो, त्यातील मोठा भाग स्कॉटलंडच्या टार्टनची नक्कल आहे. टार्टनमध्ये ताण्यातील रंगांचा जो क्रम, तोच बाण्यात असतो. दोन रंग एकमेकांवर आले की मिश्र रंग दिसतो. तीन रंगांच्या सुतातून सहा छटा निघतात, चार रंगांतून दहा. म्हणून नुसती जमीन बदलली तरी सगळा चौकडा वेगळा दिसू लागतो. 'ड्रेस' नमुना म्हणजे हेच: मांडणी जुनी ठेवायची आणि एका मुख्य रंगाच्या जागी पांढरा घ्यायचा. तिकडच्या स्त्रिया पूर्वी पांढऱ्या जमिनीची मोठी शाल घेत, तिच्यावरून हा प्रकार आला असे सांगतात. आज हायलंड नाचाच्या स्पर्धांत मुलींच्या अंगावर बहुधा तोच दिसतो. शिकारीसाठी हिरवा-तपकिरी, दबलेल्या रंगाचा नमुना निराळा.

काही मंडळी म्हणतात की ही भेसळ आहे, जुना चौकडा बाटवला. आम्हाला ते पटत नाही. जुना म्हणजे तरी किती जुना? १७४६ च्या कायद्याने हायलंडच्या पुरुषांना हा पोशाख घालण्याची बंदी झाली, ती १७८२ मध्ये उठली. त्यानंतर १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला गेला, तेव्हा टार्टनला एकदम मागणी आली. आज घराण्यांच्या नावाने विकले जाणारे कितीतरी नमुने बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीच्या वहीत आधी नुसत्या क्रमांकाने किंवा गावाच्या नावाने होते, घराण्याचे नाव मागाहून लागले. व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडे लुंगीत तरी काय आहे? रोजच्यासाठी गडद चौकडा, ईदला आणि लग्नकार्याला पांढऱ्या जमिनीवरचा बारीक चौकडा. कोणी त्याला भेसळ म्हणत नाही.

मग तक्रार कसली? स्कॉटलंडमध्ये ड्रेस नमुना जुन्याच्या जोडीला येतो, जुन्याला हटवून नव्हे. आणि तो स्वतःच्या नावाने येतो. ड्रेस स्टुअर्ट वेगळा, रॉयल स्टुअर्ट वेगळा. २००८ च्या कायद्यानुसार तेथे सरकारी टार्टन नोंदवही झाली, २००९ पासून ती चालू आहे. त्यात प्रत्येक नमुन्याचे रंग आणि सुतांची मोजणी लिहिलेली असते. ती पाहून कोणताही विणकर मागावर तो नमुना चढवू शकतो. आपल्या शाळेच्या चौकड्याची मोजणी कोणाकडे असते? फक्त पुरवणाऱ्याकडे. त्याने जमीन बदलली की शाळा बदलते आणि आईबापांनी पैसे मोजायचे. शिवाय हातपंपावर धुतलेली पांढरी जमीन दिवाळीपर्यंतही पांढरी राहत नाही.

आमच्याही पदरात दोष आहे, तो लपवत नाही. एका शाळेचा चौकडा काही वर्षे फक्त आमच्याच दुकानात मिळत होता, आणि त्याचा नफा आम्ही खाल्ला. जमीन बदलली तेव्हा चौदा थान अंगावर पडले, मगच अक्कल आली. विशिष्ट दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेने करू नये असे शासनाचे आदेश आहेत. पण जो चौकडा दुसरीकडे मिळतच नाही, त्याला सक्तीची गरज काय?

एकच गणवेश सर्वांना, हाही उपाय नव्हे. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने तो करून पाहिला. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. आता समित्यांनी एवढेच करावे: चौकड्याची मोजणी, रंगांचे तुकडे आणि कापडाची जात एका कार्डावर लावून ते शाळेच्या फळ्याशेजारी टांगावे. भिवंडीचा असो की भिलवाड्याचा, ज्याला विणायचे त्याने विणावे. गॅदरिंगसाठी पांढरी जमीन हवी असेल तर तीही लिहावी, पण वेगळ्या नावाने, आणि ज्याला परवडेल त्याच्यापुरती.

आम्ही भिंग लावून तीन शाळांच्या चौकड्यांची मोजणी करून ठेवली आहे. मुख्याध्यापकांनी मागितली तर देऊ, शेजारच्या दुकानदाराने मागितली तरी देऊ.