मेन्टेनन्सच्या बिलातली नदी

मोठ्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत अलीकडे एक सूचना हमखास येते. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा ब्लोअर रात्री बंद ठेवावा, म्हणजे विजेचे बिल उतरेल. पुण्यातल्या आमच्या सोसायटीतही ती आली आहे. सूचना मांडणारे गृहस्थ सज्जन आणि काटकसरी आहेत. पण माझी हयात बँकेत गेली. वाचलेला खर्च गुपचूप दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर तर पडला नाही ना, हे आधी बघायची सवय त्या नोकरीने लावली. तेव्हा हिशेब मांडूनच पाहू.

२०० घरे, घरटी चार माणसे, माणशी रोज १३५ लिटर पाणी. शहरांच्या पाणीयोजना हाच आकडा धरून आखतात आणि त्यातल्या ८० टक्के पाण्याचे सांडपाणी होते असे मानतात. म्हणजे रोज सुमारे ८६ हजार लिटर, दहा हजारी टँकर साडेआठ.

या पाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू वापरतात. घरगुती सांडपाण्याला लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो; यालाच ‘बीओडी’ म्हणतात. आमच्या एका दिवसाच्या पाण्याला साडेएकवीस किलो! आणि नदीच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम असतो. म्हणजे २०० घरांचे एका दिवसाचे सांडपाणी नदीतल्या २७ लाख लिटर पाण्याचा श्वास संपवू शकते. मग माशांनी जगावे कशावर?

प्रकल्प काही चमत्कार करत नाही. नदीच्या माथी येणारे काम तो आधीच टाकीत उरकतो. जाळीत कचरा अडतो, ब्लोअर हवा सोडतो, जिवाणू घाण खातात आणि पुढच्या टाकीत गाळ तळाशी बसतो. त्यातला थोडा पुन्हा हवेच्या टाकीत सोडतात, कारण तेच याचे विरजण. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली ही रीत जगापुढे मांडली. वरचे निवळलेले पाणी गाळून, त्यात क्लोरीन घालून ते फ्लशला आणि बागेला वापरता येते. प्रकल्प नीट चालला तर बीओडी दहापर्यंत उतरते. साडेएकवीस किलोचा भार किलोच्याही आत येतो.

हवा तोडली की हे विरजण नासते. टाकीला दुर्गंधी सुटते आणि सकाळी बटण दाबल्याबरोबर जिवाणू हजेरी लावत नाहीत. घडी पुन्हा बसायला कित्येक दिवस जातात. तोवर पाणी जसेच्या तसे बाहेर पडते.

‘आम्ही महापालिकेला कर भरतो, मग हा दुहेरी भुर्दंड का?’ हा प्रश्न रास्त आहे. पालिकेला जाब जरूर विचारावा. पण शहराचे सगळे सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जाते अशी स्थिती आजही नाही. आमचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते, तिथून उजनीच्या धरणात जाते. सोलापूरकर त्या धरणाचे पाणी पितात. पुढे पंढरपुरात हीच भीमा चंद्रभागा होते आणि वारकरी तिच्यात स्नान करतात. आपल्या पाहुण्याला आपण उष्ट्या पेल्यातून पाणी देत नाही; मग खालच्या गावांना काय पाठवतो आहोत?

काटकसर अवश्य करावी. शुद्ध केलेले पाणी फ्लशला आणि बागेला वापरले तर टँकरचे पैसे वाचतील. प्रकल्प सांभाळणारा माणूस शिकलेला असावा, त्याला वेळेवर पगार मिळावा आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला सूचनाफलकावर लागावा. लिफ्टच्या देखभालीवर कुणी हरकत घेत नाही, कारण लिफ्ट बंद पडली तर आपले गुडघे दुखतात. ब्लोअर बंद पडल्याने दुखणारे लोक आपल्या सभेला येऊ शकत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने मी या सूचनेच्या विरोधात हात वर करणार आहे. तुमच्या सोसायटीत ती आली, तर तुम्हीही करा.