पाणी नक्की कोण बाटवतं?

शाळेच्या भिंतीवर टांगलेला 'जलप्रदूषण' हा तक्ता आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी पाहिलेला आहे. नदी, तिच्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि काठावर धुणं धुणारी बाई. कारखान्याचं धुराडं असलंच तर मागे, कोपऱ्यात. चकलांब्याच्या परिसरातल्या शाळांमधून मुलांशी पाण्याच्या गुणवत्तेबद्दल बोलताना मी विचारते, पाणी कशानं खराब होतं? पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'बायका कपडे धुतात म्हणून.'

दुसरं उत्तर मुलं वर्गात देत नाहीत, पण घरून घेऊन आलेली असतात. पाळीतल्या मुलीनं माठाला हात लावला की पाणी बाटतं. अमक्या वस्तीवरच्या माणसानं आडात पोहरा सोडला की पाणी बाटतं. म्हणजे पाण्याच्या शुद्धतेचा धडा आपल्या मुलींना विज्ञानाच्या तासाच्या कितीतरी आधी मिळालेला असतो, आणि त्यात आरोपीही आधीच ठरलेला असतो. शाळेतला तक्ता त्या आरोपीला फक्त नवं नाव देतो.

म्हणून मला वाटतं, पाणी तपासायला शिकवणं हे निव्वळ पर्यावरणाचं काम नाही. ते विटाळाच्या विरोधातलं काम आहे, आणि स्त्रियांच्या संघटनांनी ते हातात घ्यायला हवं.

महाडचा इतिहास आठवा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी ते तळं 'शुद्ध' केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेले 108 घडे त्यात ओतून! आता हाच प्रसंग विज्ञानाच्या तासाला मांडून बघा. पाण्यात शेण-दूध पडलं की त्यावर जिवाणू वाढतात आणि ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मासे, किडे, शंख-शिंपल्यांतले जीव याच प्राणवायूवर जगतात. तो संपला की ते गुदमरतात. म्हणजे तळं घाण केलं ते शुद्धीकरणवाल्यांनीच. माणसांच्या ओंजळींनी त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. आठवीच्या मुलांना हे सांगितलं की आधी हसू फुटतं, मग वर्ग गप्प होतो.

त्यानंतर बाटल्या काढायच्या. आत कागदाची पट्टी असलेली ही छोटी बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 साली तयार केली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचा अंश असण्याची दाट शक्यता. आम्ही सगळ्या मुलामुलींना साबणानं हात धुवायला लावतो आणि प्रत्येकाला एक बाटली भरायला देतो. कुणाची पाळी चालू आहे हे आम्ही कधीच विचारत नाही. पण जिचं तिला माहीत असतं. तिसऱ्या दिवशी बाटल्या ओळीनं मांडल्या की आडाच्या बाटल्या एकीकडे आणि नळाच्या दुसरीकडे, अशीच विभागणी होते. बाटली कुणी भरली यावरून नाही. त्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

नदीचंही तसंच. गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगानं गोदावरी वाहते, वर पैठणला नाथसागर आहे. नदीची तब्येत बघायला मुलांना महागडी यंत्रं लागत नाहीत. पाण्याचं तापमान, गढूळपणा, वास, आणि दगडाखाली काय सापडतं ते. स्वच्छ, खळाळत्या पाण्यात नाना तऱ्हेचे किडे आणि चतुराच्या अळ्या मिळतात. सडलेल्या पाण्यात तांबड्या अळ्याच तेवढ्या वळवळतात. उन्हाळ्यात पाणी तापलं की ते प्राणवायूही कमी धरतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणून जेवढी घाण पावसाळ्यात नदी पचवते, तेवढीच एप्रिलमध्ये तिच्या जिवावर उठते.

मग ही घाण टाकतं कोण? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 साली देशात नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे दाखवले. त्यातले 53 महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. गोदावरी त्या यादीत आहे आणि आपल्या बीडची बिंदुसराही. 2022 च्या यादीतही 55 पट्ट्यांसह महाराष्ट्रच पुढे. याच मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज सुमारे 7,237 कोटी लिटर सांडपाणी निघतं आणि त्यातलं जेमतेम 28 टक्के शुद्ध होतं. वर कारखान्यांचं मळीचं पाणी. ज्या साखरेपायी ही मळी निघते तो ऊस तोडायला इथल्याच मुलांचे आईबाप दरवर्षी घर सोडून जातात, आणि तक्त्यावर चित्र असतं धुणं धुणाऱ्या आईचं!

साबणानं काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही. उन्हाळ्यात उरलेल्या डबक्यात तो नक्कीच भोवतो. पण त्यावर उपाय म्हणजे शोषखड्ड्यासह धुण्याची जागा आणि घरापर्यंत पाणी. 'येथे कपडे धुऊ नयेत' ही पाटी लावणं स्वस्त पडतं, एवढंच.

आता जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं आहे. चांगली गोष्ट आहे. पण तपासायचं बायकांनी आणि ठरवायचं पुरुषांनी, हे जुनंच दुखणं इथेही दिसतं. एका गावात बाटली काळी पडल्याचं बायकांनी कळवलं, तर उत्तर आलं, 'पाणी उकळून प्या.' म्हणजे जळण कुणी आणायचं? चुलीपुढे कुणी बसायचं? टाकी धुणं आणि क्लोरीन टाकणं हे पंचायतीचं काम परस्पर बाईच्या चुलीवर ढकललं गेलं.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. आपल्या गटांनी एवढं तरी करावं. शाळेतल्या मुलामुलींनी तपासलेल्या बाटल्या त्या सभेत टेबलावर मांडाव्यात. कोणत्या आडाचं, कोणत्या टाकीचं पाणी, कोणत्या तारखेचं, ते प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असावं. टाकी शेवटची कधी धुतली हे ग्रामसेवकांना विचारावं आणि त्यांचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावं. बाटल्या मांडायला मुलगेही यावेत, आणि येताना घरून हंडा भरून आणावा.